हे झाड कोणतं, आणि याचा कामठा होईल का?

मुळशीकडच्या एका ओळखीच्या शेतावर बांधात वाढलेलं एक झाड तोडलं होतं. त्यातला मनगटाएवढा जाड, सरळसोट सोट मी मागून घेतला. "मामा, कोणतं झाड हे?" असं विचारल्यावर उत्तर आलं, "धामणच की रं, पान बघ ना." पान बघितलं. कडेला दाते, बुडापासून निघालेल्या तीन ठसठशीत शिरा, हाताला खरखरीत. वाचलेल्या वर्णनाशी जुळत होतं. घरी आणून तीन आठवड्यांत तासून कामठा, म्हणजे धनुष्य, केला. चौथ्यांदा ओढला तेव्हा पोटाच्या, म्हणजे माझ्याकडच्या, अंगाला आडव्या बारीक सुरकुत्या उमटल्या आणि पाचव्यांदा तो तिथूनच दुमडला. मोडला असता तर निदान आवाज तरी झाला असता, हा ओल्या पुठ्ठ्यासारखा वाकून बसला.

ते धामण नव्हतं, घोळ होतं. झाडाचं नावच घोळ, आणि मी घातला तोही तोच.

मामांची चूक फक्त नावापुरती होती. माझ्या दोन होत्या. एक, नाव पडताळलं नाही. दोन, नाव कळलं म्हणजे लाकूड कळलं असं धरून चाललो. झाड कोणतं, हे पान, फूल आणि फळ सांगतं. हातातल्या या सोटाचा कामठा होईल का, हे ते लाकूड वाळवून, तोलून आणि वाकवूनच कळतं. दोन्ही चौकशा वेगळ्या ठेवा. दुसरी नीट केली तर पहिलीत फसलात तरी महिनाभराची मेहनत वाया जात नाही.

कोयता उचलण्याआधी

झाड कोणाचं आहे, हे झाड कोणतं आहे याच्या आधी विचारायचं. पुण्यातली वेताळ टेकडी, तळजाई, सिंहगडाचा परिसर इथला बराच भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. तिथून पडलेली फांदीसुद्धा विचारल्याशिवाय उचलू नका. ताम्हिणी आणि भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत, तिथे हा विषयच नको. शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष जतन कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शेतावरच्या झाडांसाठी 1964 चा वृक्षतोड कायदा आहे, आणि त्याच्या यादीतल्या झाडांना मालकाची परवानगी पुरत नाही. चंदनाच्या वाटेला तर जाऊच नका.

मग लाकूड मिळतं कुठे? वळवाच्या पावसात सोसायट्यांमध्ये फांद्या पडतात, पावसाळ्याआधी रीतसर छाटणी होते. त्या ट्रकमध्ये भरण्याआधी विचारलं तर लोक आनंदाने देतात. माझे निम्मे सोट असेच आलेले आहेत. फक्त छाटलेल्या फांदीचं झाड कोणतं हे तिथेच, उभ्या झाडाजवळ जाऊन बघून घ्या. घरी आणलेल्या पान नसलेल्या ओंडक्याची ओळख पटवणं म्हणजे चपलेवरून माणूस ओळखणं.

आधी काय टाळायचं

कुठल्याही अनोळखी झाडाचा चीक अंगाला लागू द्यायचा नाही. पानाचा देठ मोडा, हातमोजे घालून. पांढरा चीक आला तर वड, उंबर, कुडा, सप्तपर्णी, कण्हेर अशा बऱ्याच शक्यता उघडतात. त्यातली पिवळी कण्हेर चांगलीच विषारी, तिचा भुसाही नको. पण चीक आला म्हणून झाड बादच असंही नाही. तुतीला पांढरा चीक असतो आणि तुतीचं लाकूड कामठ्याला उत्तम. अमेरिकेत धनुष्यासाठी नावाजलेलं ओसेज ऑरेंज हे झाड तुतीच्याच कुळातलं. पुण्यात जुन्या बंगल्यांच्या आवारात तुती भरपूर, आणि ती दरवर्षी छाटतातही.

खरी धास्ती बिब्ब्याची. मुळशी, ताम्हिणीच्या जंगलात तो भेटतो. पानं फार मोठी, वीतभर ते हातभर, फांदीच्या टोकाशी गोळा झालेली, मागून पांढुरकी. त्याचा रस हवेत काळा पडतो आणि कातडीवर फोड आणतो. त्याची लाकडं जाळून धूरही घेऊ नये. मोठं पान आणि काळे पडलेले ओघळ दिसले की करवत पिशवीत ठेवा आणि पुढे चला.

पान वाचणं

एक पान तोडून घेऊ नका, डहाळी बघा. एकट्या पानात निम्मी माहिती नसते.

पहिला प्रश्न: पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? दुसरा: पान साधं की संयुक्त? संयुक्त पानात ज्याला आपण पान समजतो ती पर्णिका असते. खरं पान कुठून सुरू होतं हे कळीवरून कळतं. कळी पानाच्या बगलेत असते, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसते.

या दोन प्रश्नांनीच पुण्याच्या टेकड्यांवरची गर्दी बरीच पांगते. बारीक पर्णिकांची दुहेरी संयुक्त पानं आणि काटे असतील तर बाभूळ, खैर, हिवर या मंडळींकडे बघा. हिवराची साल फिकट, त्यामुळे तो लांबूनही कळतो. तशीच पानं पण काटे नाहीत, आणि चपट्या शेंगांचे झुबके लटकलेत, तर बहुतेक सुबाभूळ. मोठ्या पर्णिकांचं एकेरी संयुक्त पान आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलं, तर ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्प किंवा उंदीरमारी. हा मूळचा मध्य अमेरिकेकडचा, आपल्या टेकड्यांवर लावलेला.

साधी, जवळजवळ समोरासमोर पानं, गुळगुळीत फिकट साल, तिच्यावर खपल्या निघून पडलेले डाग आणि फळांचे छोटे गोल बोंडासारखे गुच्छ असतील तर धावडा. थंडीत याची पानं तांबूस होतात. लाकूड चिवट; बैलगाडीच्या आसाला, कुऱ्हाडीच्या दांड्याला वापरायचे. धामण आणि धावडा ही नावं ऐकण्यात सहज एकमेकांत मिसळतात, म्हणून गावात नाव विचारलंत तर दोनदा विचारा आणि झाडाला हात लावून दाखवायला सांगा.

धामणीचे सोयरे

आता जिथे मी फसलो ती गल्ली. धामण म्हटलं की पुण्यातल्या माणसाला साप आठवतो, गोपालकाला गवत आठवतं, आणि ज्याला झाड आठवतं त्यालाही नेमकं एकच झाड आठवेल असं नाही. आपल्याला हवी ती धामण म्हणजे ग्रेविया टिलिफोलिया. संस्कृतात हिला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्ष असंही नाव आहे. लाकूड लवचीक, घट्ट. अवजारांचे दांडे आणि कावडीचे दांडे हिचे करतात ते याच गुणामुळे.

एकाआड एक साधी पानं, कडेला दाते, बुडापासून तीन ते पाच शिरा आणि पानाचं बूड दोन्हीकडे सारखं नसून एका बाजूला जास्त फुगलेलं, अशी पानं पुण्याच्या पश्चिमेला निदान चार झाडांना सापडतात: बोर, मुरुडशेंग, घोळ आणि धामण.

बोर लगेच वेगळी निघते. काटे असतात आणि पानाची मागची बाजू पांढरट.

मुरुडशेंगीचं पान धामणीसारखंच खरखरीत आणि तिरकस बुडाचं. सालीचा वाखही तसाच चिवट निघतो, त्यामुळे साल सोलून बघून फरक कळत नाही. पण हे सहसा झुडूपच असतं, फुलं लालसर, आणि पीळ घातलेल्या दोरीसारखी शेंग एकदा दिसली की प्रश्नच मिटतो. गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगाही फांदीवर राहतात, त्या शोधा.

घोळ, म्हणजे ट्रेमा ओरिएंटॅलिस, सगळ्यात फसवा. रस्त्याच्या कडेला, दरड कोसळलेल्या जागी, मोकळ्या झालेल्या जमिनीवर तो भराभर वाढतो. भराभर वाढतो म्हणूनच सरळसोट, गाठी नसलेला सोट देतो, आणि कामठा करणाऱ्याचा जीव तिथेच भुलतो. पान धामणीपेक्षा लांबट, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. फुलं हिरवट, इतकी बारीक की लक्षातही येत नाहीत. फळं मिरीपेक्षाही लहान, गोल, पानांच्या बगलेत दाटीने बसलेली. लाकूड हलकं आणि मऊ.

धामणीची फुलं पिवळी, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येणारी. फळ वाटाण्याएवढं, पिकल्यावर काळं, आणि नीट बघितलं तर एकसंध गोल नसून दोन ते चार फुगीर भागांचं. नव्या पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी छोटी उपपर्णं असतात. ती लवकर गळतात, म्हणून कोवळ्या शेंड्याकडे बघा. सालीच्या पातळ खपल्या निघतात.

फळाचे फुगीर भाग आणि पिवळं फूल, यातलं एक तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय धामण म्हणायचं नाही. हा नियम मी त्या दुमडलेल्या कामठ्यावर खडूने लिहून ठेवलाय. फूल नसेल तर थांबा. पुण्यात मार्च ते मे अर्धी झाडं उघडी असतात, त्या दिवसांत फक्त साल आणि ठेवण बघून नाव ठरवायचा मोह आवरा. मोबाइलच्या नकाशात खूण करून जूनमध्ये परत जा.

पुरावा गोळा करणं

फोटो काढताना अख्खं झाड, साल, डहाळी, पानाची पुढची बाजू, मागची बाजू आणि पानाचं बूड एवढे सहा हवेतच. प्रत्येकात पट्टी किंवा नाणं ठेवा. ओळख सांगणारी ॲप नाव सुचवतात, पण त्यांना पानाचा आकार दिसतो, खरखर लागत नाही आणि चीक दिसत नाही. माझ्या घोळाला ॲपने दोन वेळा दोन वेगळी नावं दिली होती. सुचवलेल्या नावाचं फळ कसं असतं ते बघा आणि झाडावर शोधा, एवढाच त्यांचा उपयोग.

खात्री हवीच असेल तर फूल किंवा फळ असलेली हातभर डहाळी वर्तमानपत्रात पसरून, वर वजन ठेवून वाळवा. एक पान उलटं करून ठेवा, म्हणजे मागची बाजूही दिसेल. पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदलायचा, नाहीतर बुरशी येते. सोबत चिठ्ठी: तारीख, जागा, झाडाची उंची, फुलाचा रंग (वाळल्यावर तो जातो), चीक होता की नाही, गावातलं नाव. अशी डहाळी घेऊन कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत चौकशी करता येते. दोन्हीकडे वाळवलेल्या नमुन्यांचे मोठे संग्रह आहेत. नुसतं पान घेऊन गेलात तर कुठलाही जाणकार तुम्हाला फूल आणायलाच परत पाठवेल.

आता लाकडाला विचारा

नाव मिळो न मिळो, पुढचं सगळं करायचंच.

सोट निवडताना उभा वाढलेला धुमारा घ्या. आडव्या किंवा कललेल्या फांदीच्या वरच्या अंगाला झाड वेगळ्या ताणाचं लाकूड घालतं, ते वाळताना वेडंवाकडं होतं. लांबी 180 सेंमी, जाडी 5 ते 8 सेंमी पुरे. सालीवरच्या रेघा स्क्रूच्या आट्यांसारख्या फिरत असतील तर आतले तंतूही पिळलेले असण्याची शक्यता मोठी. टोकाचा वीतभर तुकडा पाचर ठोकून फोडून बघा. फाक सरळ गेली तर ठीक, गिरकी घेतली तर तो सोट छत्रीच्या दांड्याला ठेवा.

कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना रंग, मेण किंवा फेविकॉल फासा. पाणी टोकांतून भराभर निघतं आणि तडे तिथूनच सुरू होतात. मग सोट मधोमध उभा फोडायचा आणि साल काढायची, नाहीतर भुंगे सालीखाली घर करतात आणि महिन्याभरात खाली पिवळा भुसा पडलेला दिसतो. साल काढताना खालच्या लाकडाला कोयता लागू देऊ नका. तोच पृष्ठभाग पुढे धनुष्याची पाठ होणार आहे.

पाठ म्हणजे लक्ष्याकडचं अंग, पोट म्हणजे आपल्याकडचं. ओढलं की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. बहुतेक लाकडं ताण पुष्कळ सोसतात, दाब त्यामानाने कमी. म्हणून पाठीचे तंतू कापले गेले नसतील तर धनुष्य सहसा पोटात हरतं, माझ्यासारखं.

परीक्षेसाठी उरलेल्या तुकड्यातून पट्ट्या काढा: 60 सेंमी लांब, 2 सेंमी रुंद, जाडी 4, 5 आणि 6 मिमी. तिन्हींची एक बाजू सालीखालच्या पृष्ठभागाची हवी. घरात सावलीत वाळवा आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला. दोन रविवार वजन हललं नाही की वाळल्या. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत होतं. पावसाळ्यात पुण्याची हवाच इतकी ओली की वजन थांबतं खरं, पण लाकूड तेव्हाही दमटच असतं. त्या दिवसांत पट्ट्या फ्रिजच्या मागच्या उबेला ठेवून मग तोला. घरातल्यांना आधी सांगून ठेवा.

वाळल्यावर घनता काढायची. 2 × 2 × 20 सेंमीचा चौकोनी तुकडा म्हणजे 80 घन सेंमी. त्याचं वजन 56 ग्रॅम आलं तर 56 भागिले 80, म्हणजे 0.7. इंग्रजांच्या जुन्या लांब धनुष्यांचं यू हे लाकूड साधारण 0.65 च्या आसपास, ओसेज ऑरेंज 0.85 च्या. 0.6 च्या वर असेल तर पुढे जाण्यात अर्थ आहे. 0.5 च्या खाली आलं तर कामठा अगदीच होत नाही असं नाही, पण फार रुंद करावा लागतो, आणि पहिलाच प्रयत्न असेल तर सोडून द्या. माझ्या घोळाचा उरलेला तुकडा नंतर तोलला तर 0.4 निघाला. दहा मिनिटांचं काम होतं.

पिंपाची परीक्षा

ही मला सगळ्यात आवडते, कारण यात मत नाही, माप आहे. 200 लिटरचा निळा पिंप बहुतेक सोसायट्यांच्या गच्चीवर असतोच. त्याचा व्यास साधारण 58 सेंमी. पट्टी पिंपाला घट्ट टेकवून वाकवली की तिच्या बाहेरच्या अंगाला किती ताण पडतो ते काढणं सोपं: पट्टीची जाडी भागिले पिंपाचा व्यास. म्हणजे 4 मिमीच्या पट्टीला जवळपास 0.7 टक्के, 5 मिमीला 0.86, 6 मिमीला 1 टक्क्याहून किंचित जास्त. पूर्ण ओढलेल्या लाकडी धनुष्यावर साधारण याच पट्ट्यातला ताण येतो, म्हणून ही परीक्षा खरी. तुमचा पिंप वेगळा असेल तर आधी दोरीने परीघ मोजून 3.14 ने भागा.

सालीकडची बाजू बाहेर ठेवा. चष्मा लावा, हातमोजे घाला, तोंड पट्टीच्या रेषेत नको. 4 मिमीपासून सुरू करा. सावकाश वाकवा, मिनिटभर धरा, सोडा. मग पट्टी फरशीवर कमानीसारखी पालथी ठेवून मधली फट मोजा. वाकवताना मधला बाक 14 सेंमीच्या आसपास असतो. सोडल्यावर फट दीड सेंमीच्या आत राहिली तर लाकूड परत येतंय. 3 सेंमीच्या वर गेली तर ते बसतंय, त्याचा कामठा दोन दिवसांत मरगळेल. हे आकडे माझ्या अनुभवाचे, दगडावरची रेघ नव्हेत.

4 मिमीलाच मोडली तर विषय संपला. 5 मिमी सोसलं तर कामचलाऊ. 6 मिमी सोसलं आणि फटही कमी राहिली तर झाडाचं नाव काहीही असो, सोट सांभाळून ठेवा. मोडली तर मोड कसा आहे तेही बघा. लांब चिरफळ्या निघाल्या तर लाकूड चिवट. खडूसारखी आडवी तुटली तर ठिसूळ, किंवा आत कुजायला लागलेली. आतल्या अंगाला आडव्या सुरकुत्या दिसल्या तर दाबाला कच्ची. अशा लाकडाचा कामठा करायचाच झाला तर रुंद आणि पातळ करा. जड लाकडाला मधल्या भागात साडेतीन-चार सेंमी रुंदी पुरते, हलक्याला पाच लागते.

पहिला कामठा आपल्या उंचीएवढा लांब ठेवा, आखूड कामठ्यात तोच ताण लवकर चढतो. आणि तयार झाला म्हणून टेकडीवर फिरायला येणाऱ्यांच्या मध्ये बाण सोडू नका. शिकार 1972 च्या कायद्याने बंद आहेच.

ज्याला झाडांशी देणंघेणं नाही, फक्त धनुष्य हवंय, त्याने सरळ बांबू घ्यावा. भिल्लांचा कामठा बांबूचाच, आणि त्याची दोरीही बांबूच्या पातळ पट्टीची. कौटिल्याने धनुष्याचं साहित्य सांगताना ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी यादी दिली आहे. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू आणि स्नायू. बांबूला ओळखपरेड लागत नाही, तासायला सोपा, आणि टिंबर मार्केटच्या आसपास चौकशी केली तर मिळतोही.

माझ्या माळ्यावर सध्या चार सोट आहेत. प्रत्येकाला दोरीने चिठ्ठी बांधलेली: तारीख, जागा, कापल्या दिवशीचं वजन. एकावर लिहिलंय, "पौड रस्ता, छाटणी, पानं समोरासमोर, चीक नाही, फूल बघितलं नाही." त्याची 6 मिमीची पट्टी पिंपावर दोनदा वाकवून बघितली, फट एक सेंमी. नावाच्या जागी प्रश्नचिन्ह आहे. जूनमध्ये परत जाणार आहे.